उतारवयातील मांजराचा मधुमेह : सुई केव्हा द्यावी, केव्हा थांबवावी

पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा रिकामे होऊ लागते. वाळूचा ट्रे सकाळी बदलला तरी दुपारपर्यंत पुन्हा ओला होतो. एखाद्या वेळी फरशीवरच लघवी होते आणि तासाभरात तिच्याभोवती मुंग्यांची रांग लागते. वाडग्यातील सारे फस्त करून पुन्हा मागे-मागे फिरणारा बोका मात्र दिवसेंदिवस वाळत जातो. पाठीवरून हात फिरवला तर मणके हाताला लागतात. ‘वय झाले’ असे म्हणून घरातील मंडळी हे सोडून देतात. यवतमाळच्या एप्रिल-मे महिन्यांत तर जास्त पाणी पिणे सरळ उन्हाच्या खाती जमा होते.

सात-आठ वर्षांपुढील मांजरात ही चार लक्षणे एकत्र दिसली, म्हणजे फार तहान, फार लघवी, फार भूक आणि तरीही घटणारे वजन, तर मधुमेहाची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. हा आजार मांजरांत दुर्मिळ नाही. ब्रिटनमधील पाहण्यांत साधारण दोनशे पाळीव मांजरांमागे एकाला तो आढळला आहे. दिवसातून दोन वेळा इन्सुलिनची सुई, योग्य आहार आणि नियमित तपासणी यांच्या बळावर असे मांजर घरीच कित्येक वर्षे चांगले जगू शकते. सुई टोचणे हा या उपचारातील अवघड भाग नाही; ते बहुतेकांना आठवडाभरात जमते. अवघड असते ते सुई कोणत्या दिवशी द्यायची नाही हे ओळखणे. वाढलेली साखर मांजराला महिनोन्‌महिने झिजवते. इन्सुलिन जास्त झाल्याने उतरलेली साखर काही तासांत जीव घेऊ शकते.

मांजराला मधुमेह का होतो?

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवते. कुत्र्यांमध्ये बहुधा हे इन्सुलिन तयार होणेच थांबते. मांजरांचा मधुमेह मात्र माणसाच्या प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे ‘टाइप-२’ मधुमेहाच्या जवळचा आहे. सुरुवातीला शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंडाच्या पेशी जादा काम करून थकतात आणि त्यांच्या आसपास अमायलॉइड नावाचे प्रथिन साचत जाते. शिवाय सतत वाढलेली साखर या थकलेल्या पेशींना आणखी निकामी करते. म्हणूनच उपचार जितके लवकर सुरू होतील तितक्या जास्त पेशी वाचतात.

नसबंदी झालेले, घरातच राहणारे आणि वजन वाढलेले बोके यांना धोका अधिक. खाज, दमा किंवा तोंडाच्या जखमांसाठी वारंवार दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनंतरही साखर वाढू शकते. त्यामुळे मांजराला पूर्वी दिलेल्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे असते. काही मांजरांत मेंदूतील पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त स्रवते आणि इन्सुलिनची मात्रा वाढवत नेली तरी साखर उतरत नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या तपासणीत मधुमेही मांजरांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात या आजाराची चिन्हे सापडली होती.

निदानातील फसगत

दवाखान्यात आणलेले मांजर घाबरलेले असते आणि केवळ या भीतीनेही त्याची रक्तशर्करा ३०० च्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे एकदाच घेतलेल्या रक्ताच्या आकड्यावरून मधुमेहाचा शिक्का मारता येत नाही. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर या दरम्यान असते. ती अडीचशे-पावणेतीनशेच्या वर गेली की मूत्रपिंडातून लघवीत उतरते. म्हणून रक्तासोबत लघवीतील साखरही पाहतात. शंका राहिल्यास फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करतात. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतील साखरेची सरासरी कळते. भीतीने क्षणभर वाढलेल्या साखरेचा तिच्यावर परिणाम होत नाही.

उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा जुना आजार आणि थायरॉइडची अतिक्रिया हे दोन्ही विकारही तहान वाढवतात आणि वजन घटवतात. मधुमेहाच्या जोडीला ते असूही शकतात. दातांचा पू व मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत रक्त, लघवी आणि तोंड यांची पूर्ण तपासणी केलेली बरी. मागच्या पायांनी टाच टेकवून, बसक्या चालीने चालणारे मांजर दिसले तर मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाल्याची ती खूण असते. साखर आटोक्यात आल्यावर ही चाल बऱ्याच मांजरांत हळूहळू सुधारते.

कोणते इन्सुलिन?

टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले ते कुत्र्यांवरील प्रयोगांतून. पुढे अनेक दशके माणसांनी गाई-डुकरांचे इन्सुलिन वापरले. आज चक्र उलटे फिरले आहे. भारतात मांजरांसाठी सहसा माणसांच्या औषधाच्या दुकानातील इन्सुलिनच वापरले जाते. प्राण्यांसाठी खास तयार केलेली इन्सुलिनेही आहेत आणि अमेरिका-युरोपात ती अधिक प्रचलित आहेत.

मांजराचे शरीर इन्सुलिन फार झपाट्याने वापरून टाकते. आपल्याकडे सर्वत्र मिळणारे एनपीएच किंवा ‘३०/७०’ हे मिश्र इन्सुलिन मांजरात बहुधा बारा तास टिकत नाही. साखर एकदम खाली येते आणि पुन्हा उसळते. त्यामुळे दीर्घकाळ व संथपणे काम करणाऱ्या ग्लार्जिनसारख्या प्रकाराला पशुवैद्यक पसंती देतात. माणसाला ते दिवसातून एकदा पुरते, मांजराला मात्र दर बारा तासांनी द्यावे लागते.

घरात आजोबांसाठी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतात म्हणून त्याच मांजराला देऊन पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. माणसाला वीस-तीस युनिट लागत असतील, तर चार-पाच किलोच्या मांजराची सुरुवात बहुधा एका युनिटने होते. मात्रा वाढवण्यापूर्वी किमान पाच ते सात दिवस थांबतात आणि वाढ करतात ती अर्ध्या युनिटने. हे आकडे समजुतीसाठी आहेत. प्रत्येक मांजराची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची असते.

सिरिंजचा घोळ

भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. काही कुप्यांत एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असतात, काहींत १००. दोहोंसाठी सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायला जवळपास सारख्याच असतात.

घोळ झाला तर काय होते ते साध्या हिशेबाने कळते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरले, तर मांजराच्या अंगात दोन नव्हे, पाच युनिट जातात, म्हणजे अडीचपट. माणसाच्या मोठ्या शरीरातही ही चूक धोक्याची. मांजराच्या बाबतीत ती प्राणघातक ठरू शकते. उलट चूक झाली, ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजने दिले, तर दोन युनिटांऐवजी एकही पुरते जात नाही आणि औषध लागू पडत नाही असा गैरसमज होऊन मात्रा विनाकारण वाढवली जाते.

म्हणून दर वेळी नवी कुपी किंवा सिरिंजचे पाकीट आणताना दोहोंवरील आकडा जुळवून पाहावा. ग्लार्जिन १०० तीव्रतेचे असेल तर १०० ची, शक्यतो ३० युनिटांची, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली बारीक सिरिंज मागावी. नेहमीची नाही म्हणून दुकानदाराने दुसरी दिली, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती वापरू नये.

सुई देण्याची रीत

घरातील जेवणाच्या वेळांशी जुळतील अशा दोन वेळा निवडाव्यात, उदाहरणार्थ सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आधी खाणे ठेवावे. मांजर नेहमीसारखे खाऊ लागले की खांद्यामागील किंवा कुशीवरील सैल कातडी चिमटीत उचलून तयार झालेल्या खळग्यात सुई आडवी घालावी आणि औषध सोडावे. जागा रोज थोडी बदलावी. सुई दाट केसांतच राहून औषध बाहेर सांडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. केस ओलसर लागले तर ते लक्षात येते.

अशा वेळी, ‘गेले की नाही’ या शंकेने दुसरी सुई कधीही देऊ नये. वेळ चुकली असेल तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. एखादी सुई हुकल्याने मांजराचे फारसे बिघडत नाही. एक जास्त झाली तर सारेच बिघडू शकते. घरात दोघे-तिघे सुई देत असतील, तर फ्रीजच्या दारावर तारीख-वेळेचा कागद चिकटवून देणाऱ्याने तिथेच खूण करावी. एकाने दिलेली सुई माहीत नसल्याने दुसऱ्याने पुन्हा देणे, हा प्रकार एवढ्याने टळतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्याव्यात. कचऱ्यात टाकल्यास त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

नवतपा आणि वीज

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचे असते. उघडलेली कुपी खोलीच्या तापमानातही चालते असे पत्रकावर लिहिलेले असते. पण ती ‘खोली’ २५ ते ३० अंशांची असते. मेअखेर नवतप्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा यवतमाळ, वणी किंवा राळेगावच्या घरात कूलर सुरू असतानाही हे तापमान मिळत नाही. म्हणून या भागात उघडलेली कुपीही फ्रीजमध्येच ठेवावी, तीही दारात किंवा बर्फाच्या कप्प्याजवळ नव्हे, तर मधल्या फळीवर. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसते, पण निकामी झालेले असते.

वीज दीर्घकाळ गेली तर माठाचा आधार घ्यावा. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके आणि त्यात कोरड्या झाकणबंद डब्यात कुपी, वरून ओले फडके. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन झपाट्याने होत असल्याने हा उपाय चांगला चालतो. पावसाळी दमट हवेत तितका नाही. फ्रीजची थंडी त्यातून मिळत नाही, पण उन्हाळ्याच्या झळीपासून काही दिवस औषध वाचते. प्रवासात कुपी बर्फाच्या थेट संपर्कात येऊ देऊ नये. बंद मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत ती क्षणभरही ठेवू नये.

कुपी उघडल्याची तारीख लेबलवर लिहावी. माणसांच्या बहुतेक इन्सुलिनांची मुदत उघडल्यापासून सुमारे चार आठवड्यांची असते. पाण्यासारखे स्वच्छ असणारे ग्लार्जिन गढूळ दिसले तर टाकून द्यावे. ते जोराने हलवू नये, त्यात काही मिसळू नये. आतापर्यंत आटोक्यात असलेली साखर उन्हाळ्यात अचानक वाढली, तर मात्रा वाढवण्याआधी कुपी उन्हाने बिघडली का, हे पाहावे.

दूधभात बंद, पण एका दिवसात नव्हे

मराठी घरातील मांजराचा पिढीजात आहार म्हणजे दूधभात किंवा दूध-पोळी. मांजर मात्र मुळात मांसाहारी प्राणी आहे. भात, पोळी, बिस्किटे यांतील पिष्टमय पदार्थ त्याची साखर वाढवतात. बाजारातील अनेक कोरड्या दाण्यांतही पिष्टाचे प्रमाण बरेच असते. मधुमेही मांजराला जास्त प्रथिनांचा आणि कमी पिष्टाचा आहार मानवतो. डबाबंद ओले खाद्य, उकडलेली कोंबडी, मासे, अंडे हे त्यातील पर्याय. घरच्या मांसात मीठ-मसाला, विशेषतः कांदा-लसूण, अजिबात नको. ते मांजराच्या रक्तपेशींना घातक असतात. नुसत्या कोंबडीच्या मांसावर मांजर जगत नाही. त्याला चुना आणि टॉरिनसारखी पोषकद्रव्येही हवीत. म्हणून घरगुती आहाराचा आराखडा डॉक्टरांकडून करून घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार जोडीला असेल तर तो निराळा असतो.

शाकाहारी घरांसाठी ही मोठी अडचण आहे. मांसाहारी पदार्थ घरात शिजवायचे नसतील, तर तयार डबाबंद खाद्य हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग होय.

इथेही धोक्याची सूचना तीच आहे. इन्सुलिन सुरू असताना दूधभात एकाएकी बंद केला तर साखर झपाट्याने उतरते आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. आहारातील बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि साखर मोजत करावा. लठ्ठ मांजराचे वजनही सावकाश, आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास घटवावे. त्याला उपाशी ठेवल्यास यकृतात चरबी साचून वेगळाच जीवघेणा आजार उद्‌भवतो.

घरच्या घरी साखर मोजणे

कानाच्या कडेला, बाहेरच्या बाजूला एक बारीक रक्तवाहिनी असते. कान कोमट फडक्याने शेकून तिथे हलकेच सुई टोचली की थेंबभर रक्त मिळते. ते माणसांच्या ग्लुकोमीटरवर मोजता येते, मात्र हे यंत्र मांजराची साखर खऱ्यापेक्षा काहीशी कमी दाखवते. त्यामुळे तेच यंत्र नेहमी वापरावे आणि आकड्यांचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा. प्राण्यांसाठीची वेगळी यंत्रेही मिळतात.

मात्रा ठरवताना सकाळच्या सुईपासून बारा तास, दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढतात. त्यात सर्वांत खालचा आकडा महत्त्वाचा. तो साधारण ८० ते १५० दरम्यान असावा, अशी अपेक्षा असते. दवाखान्यातील भीतीमुळे तिथला आलेख फसवा असतो. घरी काढलेला अधिक विश्वासार्ह. रोज सुईआधी एकदा मोजता आले तर उत्तम. हा आकडा १५० च्या खाली असेल किंवा नेहमीपेक्षा बराच कमी आला असेल, तर सुई न देता डॉक्टरांना दूरध्वनी करावा.

यंत्र नसले तरी वहीत पाण्याचे प्रमाण, भूक, लघवीचे ढेकूळ आणि आठवड्याचे वजन लिहून ठेवावे. आधी स्वतःचे, मग मांजराला कडेवर घेऊन वजन केले की वजाबाकीने त्याचे वजन कळते.

साखर उतरली तर

साखर ६० च्या खाली जाणे ही तातडीची अवस्था आहे. मांजर एकाएकी फार भुकेले होते किंवा कोपऱ्यात लपून बसते, झिंगल्यासारखे चालते, शून्यात पाहते, लाळ गाळते. पुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. कित्येकदा आधीची लक्षणे दिसतही नाहीत.

मांजर खाण्याच्या स्थितीत असेल तर लगेच खायला द्यावे. ते झिंगत असेल तर मध किंवा ग्लुकोज पावडरचे दाट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. झटके चालू असताना तोंडात बोट घालू नये. मांजर सावरले की खायला देऊन थेट दवाखाना गाठावा. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनचा परिणाम कित्येक तास टिकतो. मधाचा मात्र थोडाच वेळ. त्यामुळे ‘आता बरे आहे’ म्हणून घरी थांबल्यास साखर पुन्हा उतरू शकते.

याच्या विरुद्ध टोकाचा धोका म्हणजे रक्तात आम्लद्रव्ये साचणे, अर्थात कीटोअॅसिडोसिस. खाणे पूर्ण बंद, उलट्या, कमालीची मरगळ, खोल श्वास ही त्याची लक्षणे. त्याला सलाइन व दवाखान्यातील उपचारच लागतात. म्हणून मांजराने खाल्ले नाही तर सुई स्वतःच्या अंदाजाने देऊ नये; तसेच न खाता, सुईविना दोन-दोन दिवस वाटही पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सुई कायमची थांबू शकते

लवकर सुरू झालेल्या उपचारांनी आणि कमी पिष्टाच्या आहाराने काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि इन्सुलिन पूर्ण बंद करता येते. हे बहुधा पहिल्या सहा महिन्यांत घडते. आनंदाच्या या काळातच सावधगिरी सर्वाधिक लागते. गरज कमी होत असताना जुनी मात्रा चालू राहिली, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. सुई बंद झाल्यावरही आजार परतू शकतो, म्हणून अधूनमधून तपासणी करत राहावे.

अमेरिकेत मांजरांसाठी दोन तोंडी औषधांना मान्यता मिळाली आहे : बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. मात्र इन्सुलिनवर असलेल्या किंवा आधी ते घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत आणि त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. याच गटातील माणसांच्या गोळ्या मांजराला देणे हा त्याला पर्याय नव्हे.

जिल्ह्यात उपचार कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातील सोळा तालुक्यांत पशुवैद्यकीय सेवेचा भर स्वाभाविकच गाय, बैल, म्हैस, शेळी यांवर आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मधुमेही मांजर क्वचितच येते. तरीही सलाइन लावणे, ग्लुकोज देणे, रक्त घेणे ही कामे तिथे होऊ शकतात; म्हणून आधीच जाऊन मांजराची नोंद व औषधाची माहिती देऊन ठेवावी. सविस्तर निदानासाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. पुसद-उमरखेडकडील कुटुंबांना परभणीचे महाविद्यालयही विचारात घेता येईल. पहिली भेट मोठ्या दवाखान्यात आणि पुढचा पाठपुरावा दूरध्वनीवरून व स्थानिक डॉक्टरांमार्फत, अशी विभागणी केली तर प्रवास कमी होतो. उन्हाळ्यात प्रवास पहाटे करावा.

लक्षात ठेवावे असे

- कुपीवरील आणि सिरिंजवरील आकडा प्रत्येक खरेदीला जुळवावा.
- आधी खाणे, मग सुई. दोन सुयांत बारा तास.
- शंका असेल तर सुई पुन्हा देऊ नये. चुकलेली सुई भरून काढू नये.
- मात्रा स्वतःहून वाढवू नये. आहार एकाएकी बदलू नये.
- मध किंवा ग्लुकोज पावडर आणि डॉक्टरांचा क्रमांक हाताशी असावा.
- गावाला जाताना मांजर ज्याच्या हवाली करायचे, त्याला सुई देण्याबरोबरच ती कधी द्यायची नाही हेही शिकवावे.

पाण्याचे भांडे पुन्हा संध्याकाळपर्यंत पुरू लागले, वजन सावरले आणि बोका खिडकीच्या चौकटीवर उडी मारू लागला, की उपचार लागू पडल्याचे समजावे. त्या दिवसापासून कमी लागेल ते इन्सुलिन. म्हणून वही आणि ग्लुकोमीटर मात्र बाजूला ठेवू नयेत.